काट्यावर न ठेवलेली नाणी

माझ्या संग्रहातली काही नाणी मी अजून काट्यावर ठेवलेली नाहीत.

काटा घरात आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. भिंग आहे, कॅलिपर आहे, लोहचुंबक आहे. दुसऱ्या कुणी नाणं दाखवायला आणलं, तर पाहुण्याच्या हातात पाण्याचा पेला जायच्या आधी त्याचं नाणं काट्यावर चढलेलं असतं. मग माझीच काही का राहिली? वेळ मिळत नाही, असं मी घरात सांगत आलो. वेळ मिळत होता. डबा उघडायला, ती नाणी हातात घेऊन बघायला, पुन्हा जागच्या जागी ठेवायला वेळ मिळतच होता. नेमका वजन करायलाच तो कमी पडायचा.

ज्यांच्याबद्दल मला शंका नव्हती ती नाणी मी केव्हाच तोलून, मापून वहीत नोंदवली आहेत. राहिली ती फक्त ज्यांच्याकडे बघताना आत कुठेतरी खुपतं ती. तोलत नाही तोवर माझ्या वहीत ती खरी म्हणून लिहिलेली राहतात. म्हणजे मी पारखी आहे असं लोक म्हणतात, मीही ते ऐकून घेतो, आणि स्वतःच्या डब्यातल्या एका कप्प्यापुरती पारख करायची नाही हे मी ठरवून टाकलेलं आहे. कुणी ठरवलं? मीच ना?

खोटं नाणं ओळखणं ही गूढ विद्या नाही, हे आधी सांगायला हवं. कारण ‘कळलं नाही’ ही सबब मी स्वतःला फार वेळा दिली आहे. इंग्रजी अमलातल्या चांदीच्या रुपयाचंच बघा. 1835 साली कंपनी सरकारनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. तेव्हापासून 1939 पर्यंत त्याचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, आणि त्यात चांदी 91.7 टक्के. इतकी सरळ मापं असताना फसायला जागा किती उरते? काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा लोंबता धरायचा. काट्यावर जो आकडा दिसेल तेवढं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. खऱ्या रुपयाचा हा आकडा 1.13 च्या आसपास येतो. जर्मन सिल्व्हरचा किंवा वरून चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा रुपया तेवढ्याच वजनाचा असेल, तर तो 1.3 च्या घरात जातो. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वाटी, दोरा आणि बघायची तयारी असली की झालं.

आता इथे माझी एक जुनी खोड सांगतो. रुपया 11.66 ऐवजी 11.2 भरला की मी ‘झीज’ असं लिहून मोकळा व्हायचो. झीज होतेच, शंभर वर्षं हातोहात फिरलेलं नाणं हलकं होणारच. पण झिजलेल्या नाण्यावर राणीच्या केसांच्या बटाही झिजलेल्या असायला हव्यात, मुकुटाचं नक्षीकाम सपाट झालेलं असायला हवं. केस ताजे, कड धारदार, दाते सगळे शाबूत, आणि वजन मात्र कमी, हे कसं? हा प्रश्न मी दुसऱ्याच्या नाण्याला लगेच विचारतो. स्वतःच्या नाण्याला विचारला नाही. झीज हे कारण खोटं नव्हतं, पण मी ते तपासायला वापरत नव्हतो. तपास थांबवायला वापरत होतो.

आणि दुसऱ्याच्या नाण्यापुढे मी कसा असतो?

आपल्याकडे घरोघरी एक नाणं असतं. तांब्याचं किंवा पितळेचं, बरंच जड. एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि 1818 साल. पेशवाई बुडाली ते साल आपल्याला शाळेपासून पाठ असतं, म्हणून ते नाणं खूप जुनं आणि फार मोलाचं वाटतं. काहींवर 1717 असतं, काहींवर 1616. कंपनीनं अशी नाणी कधी पाडली नाहीत. राम-सीतेच्या मूर्ती असलेल्या टंका देवस्थानांच्या परिसरात भाविकांसाठी होत आल्या आहेत, त्यांना स्वतःचा इतिहास आहे. पण कंपनीचं नाव घातलेली ही जोडणी अलीकडची, विकण्यासाठी केलेली.

नात्यातले एक वयस्कर गृहस्थ असं नाणं घेऊन आले होते. लाल फडक्यात बांधलेलं, कडेला हळद-कुंकू चिकटलेलं. देवघरात आजोबांपासून आहे, म्हणाले. मी ते धड हातातही घेतलं नाही. ते खुर्चीत टेकताहेत तोवर मी सांगून टाकलं, “काका, हे डुप्लिकेट आहे.” पुढे कंपनीची नाणी कोणती, कुठल्या इलाख्यात कुठली चालत, 1835 चा कायदा काय, हे सगळं सांगितलं. माझ्या बोलण्यात एकही चूक नव्हती. त्यांनी फडकं पुन्हा बांधलं, तेव्हा त्यांच्या हाताची घाई मला दिसली.

त्या दिवशी मला नेमका कशाचा आनंद झाला होता? सत्य सांगितल्याचा? सत्य सांगायला मला तीस सेकंदं पुरली. पुढचा सगळा वेळ मी काय करत होतो? त्यांनी नाण्याची किंमत विचारलीच नव्हती, हे मला फार उशिरा आठवलं. ते फक्त दाखवायला आले होते. त्या नाण्यावर कंपनीचं नाव खोटं होतं, सालही खोटं होतं. त्यावर वाहिलेलं हळद-कुंकू खोटं होतं का? मी तोललं ते त्यांचं नाणं, आणि मोठा ठरवला तो स्वतःला. हे लिहायला सोपं जात नाही. पण माझ्या न तोललेल्या कप्प्याचा आणि या प्रसंगाचा संबंध आहे, असं मला वाटत राहतं. जो माणूस दुसऱ्याचं खोटं इतक्या चटकन सांगतो, त्याला ‘स्वतःचं बघितलंस का’ असं कुणी विचारत नाही. चटकन सांगणं हा माझा बचाव होता की काय?

संग्राहकांमध्ये खरा जीव अडकतो तो मराठी मुलखातल्या हातठोक नाण्यांत. माझाही तिथेच अडकला. शिवराई हातात घेतली की तांब्याचा तो ओबडधोबड तुकडा, ठिपक्यांची किनार, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा मोठा आणि धातूचा तुकडा लहान, त्यामुळे एखादं अक्षर बाहेरच राहिलेलं. राज्याभिषेकापासून पुढे कितीतरी काळ ही नाणी वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी पाडली गेली. अक्षरांची वळणं बदलली, ऱ्हस्व-दीर्घ बदललं, वजन मागेपुढे झालं. साध्या शिवराया आजही परवडण्यासारख्या मिळतात. नकली होतात त्या दुर्मीळ वळणाच्या, आणि सोन्याचे होन. खरा शिवराई होन इतका विरळा आहे की कुणी खिशातून काढून दाखवला, तर आधी त्याच्या बोलण्याकडे नाही, होनाच्या कडेकडे बघावं.

यांत्रिक नाणी एकमेकांसारखी असायला हवीत. हातठोक नाणी तशी नसायला हवीत. हा साधा नियम मी इतरांना कितीदा समजावून सांगितला आहे. ठसा तोच असला तरी प्रत्येक घाव वेगळा बसतो. धातूचा तुकडा वेगळा, घसरण वेगळी, कडेची चीर वेगळी. नकली नाणं बहुधा एका खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेलं असतं. ओतलं की अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीवरच्या अक्षरांसारखी बोथट होतात, पृष्ठावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात, कडेला जोडाची रेघ राहते किंवा ती कानशीनं घासल्याच्या खुणा राहतात. आणि एका साच्यातून निघालेल्या सगळ्यांना मूळ नाण्याचीच जखम असते.

हे सगळं माहीत असताना मी ते अंकुशी रुपये घेतले.

तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं तिथे. एका ओळखीच्यानं फोन करून बोलावलं होतं. आलेला माणूस घाबरल्यासारखा दिसत होता. सारखा मागे बघत होता. खोदताना मडकं फुटलं, म्हणाला. वाटून घेतली, माझ्या वाट्याची एवढी. रुमालात रुपये होते, मातीनं माखलेले. मी एकाची माती बोटानं पुसली आणि अंकुश दिसला. पुण्याच्या टांकसाळीचा पेशवेकालीन रुपया, दिल्लीच्या बादशहाच्या नावानं पाडलेला, मागे अंकुशाची खूण. एकावर सराफाची खूणही होती. पूर्वी सराफ रुपया हाती आला की चांदी तपासायला त्यावर बारीक छेद किंवा ठोका मारत. सरकारी भरण्याच्या वेळी पोतदार पारखून घेई. अशी खूण असलेला रुपया मला इतरांपेक्षा जास्त आवडतो. तो कुणीतरी विश्वास ठेवायच्या आधी तपासलेला असतो.

मी किंमत पाडून मागितली. त्यानं थोडी घासाघीस केली आणि तो तयार झाला. फार लवकर तयार झाला.

घरी येऊन माती धुतली. ती हातठोक रुपयाच्या खाचांतून निघायला चिवट असते. ही गरम पाण्यात लगेच निघाली. दोन रुपये शेजारी ठेवले. दोन्हींवर सराफाची खूण एकाच जागी होती. एकाच कोनात, तेवढ्याच खोलीची, तिच्या टोकाला तोच बारीक फाटा. कुणा सराफाच्या हातानं दोन नाण्यांवर असा ठोका पडूच शकत नाही. तपासणीची खूणच साच्यातून आली होती.

मी फसवला गेलो, असं मी मित्रांना सांगितलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली. काहींनी त्या माणसाला शिव्या दिल्या. मीही दिल्या. ही गोष्ट अशीच संपली असती, जर एक प्रश्न मागे राहिला नसता. त्या रस्त्याच्या कडेला मी दोन नाणी शेजारी का ठेवली नाहीत? भिंग खिशात होतं. उजेड होता. घाई त्याला होती, मला नव्हती.

खरं कारण आठवायला मला वेळ लागला, कारण ते आठवायची इच्छा नव्हती. मी नाणी नीट बघितली नाहीत ते मुद्दाम. नीट बघितली असती, तर त्याला समजलं असतं की हा माणूस जाणकार आहे आणि माल मोलाचा आहे. मग त्यानं भाव वाढवला असता. मी मुद्दाम बेफिकीर चेहरा केला होता. ‘चांदीच्या मोडीच्या भावात बघू’ असं म्हणालो होतो. म्हणजे त्याच्या अडाणीपणाचा फायदा घ्यायला मी अडाण्याचं सोंग घेतलं, आणि त्या सोंगानं माझे डोळे खरोखरच बांधले. जर्मनीतला कार्ल बेकर हा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा नामांकित नाणे-बनावटकार. आपली नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाच्या पेटीत घालून घोडागाडीला बांधून फिरवायचा, असं सांगतात. माझ्यासाठी एवढा खटाटोप कुणाला करावा लागला नाही. थोडी माती पुरली, आणि एक घाबरलेला चेहरा.

अजून पुढे जायला हवं, इथे थांबलो तर मी स्वतःला स्वस्तात सोडलं असं होईल. त्या माणसाची गोष्ट खरी असती तर? 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांवर मोलाचा असेल, तर तो जिल्हाधिकाऱ्याला कळवावा लागतो. शेतात, रस्त्यात, घराच्या पायात, कुठेही सापडो. मला हा कायदा माहीत होता. त्याच्यावर मी लोकांशी बोललो आहे. मडकं एका जागी, नाण्यांचा क्रम, सोबतची खापरं, हे सगळं एकत्र राहिलं तर तो ठेवा कधी पुरला, का पुरला, याचा काही अंदाज बांधता येतो; रुमालारुमालांत वाटला गेला की राहतो नुसता धातू. हेही मी तावातावानं सांगत आलो आहे. म्हणजे गोष्ट खरी असती तर मी एका चोरीत भागीदार झालो असतो, आणि त्या रात्री आनंदात झोपलो असतो. गोष्ट खोटी निघाली, म्हणून दुखावलो. मग मी नेमका कशानं दुखावलो होतो? तो खोटं बोलला म्हणून, की तो खरं बोलत नव्हता म्हणून मला हवा होता तो गुन्हा करता आला नाही म्हणून?

हे वाक्य मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. राहू द्यावं, असं वाटतं.

त्याच डब्यात, अंकुशी रुपयांच्या शेजारच्या खणात, एक खरा रुपया आहे. 1911 सालचा, पाचव्या जॉर्जचा. राजाच्या झग्यावर पदकमालेतला हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड इतकी आखूड दिसली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान प्रजेत नाराजी पसरली, सरकारनं नाणी मागे घेऊन बरीचशी वितळवली, आणि 1912 पासून हत्ती सुधारून कोरला. म्हणून 1911 चा रुपया चांदीपेक्षा कितीतरी पट मोलाचा. त्याची खूणगाठही सोपी आहे: साल 1911 आणि हत्तीची सोंड मात्र स्पष्ट लांब असेल, तर 1912 चा शेवटचा आकडा कुणीतरी बदललेला आहे. जसं 1939 च्या अतिदुर्मीळ रुपयासाठी 1938 चा आठ खरवडून नऊ करतात. भिंगाखाली आकड्याभोवतीचा सपाट भाग खरवडलेला दिसतो.

माझा 1911 चा रुपया सगळ्या कसोट्यांना उतरला आहे. 11.6 ग्रॅम. पाण्यातला आकडा बरोबर. सोंड आखूड. खरा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. हा मी एका बाईंकडून घेतला. यजमान गेल्यावर घर आवरत होत्या. पेटीत जुने रुपये निघाले, सराफाकडे मोडायला न्यायच्या आधी कुणीतरी माझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही जाणकार आहात, योग्य ते द्या.” मी चांदीच्या भावावर थोडे वर ठेवून सगळे रुपये घेतले. त्यांना ते थोडे वरचे पैसेही जास्तच वाटले. आभार मानले. चहा दिला. 1911 मला पेटी उघडताक्षणीच दिसला होता. मी काही खोटं बोललो नाही.

मी काही खोटं बोललो नाही. रस्त्यावरचा तो माणूस निदान बोलला तरी. मी फक्त गप्प बसलो. आता मी हे दोन खण शेजारी बघतो तेव्हा विचारतो, फरक कुठे आहे? त्याला माहीत होतं की माल हलका आहे, ते त्यानं लपवलं. मला माहीत होतं की माल भारी आहे, ते मी लपवलं. दोघांनीही समोरच्याच्या न-कळण्यावर आपला नफा उभा केला. व्यवहारात हे चालतं, ज्ञानाचा मोबदला असतोच, असं माझे मित्र म्हणतात, आणि बाजारात दोन अनोळखी माणसं समोरासमोर असतील तर कदाचित ते बरोबरही असेल. भिंग घेऊन ढिगातून नाणं शोधणाऱ्यानं विक्रेत्याला व्याख्यान द्यावं, असं मी म्हणणार नाही. पण त्या बाई माझ्याशी व्यवहार करत नव्हत्या. त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. सराफ म्हणून नाही, पोतदार म्हणून बोलावलं होतं मला.

आणि तिसरा प्रसंग, जो या दोहोंपेक्षा मला जास्त जड जातो. अंकुशी रुपयांच्या आधी कधीतरी माझ्याकडे एक शिवराई होती, चांगल्या वळणाची, दुर्मीळ म्हणावी अशी. तिच्या पृष्ठावर ती बारीक छिद्रं होती. मी ती ‘जमिनीतल्या क्षाराची’ समजत होतो. समजत होतो म्हणजे समजून घेत होतो. नाण्यांच्या एका भेटीगाठीत कॉलेजात शिकणारा एक मुलगा भेटला, डोळ्यांत नुसती चमक. त्याच्याकडे मला हवी असलेली एक चांदवडी रुपयाची व्हरायटी होती. अदलाबदल झाली. त्यानं विचारलं, “सर, ही नक्की ना?” मी म्हणालो, “बघ की, तुझ्या हातात आहे.” हे उत्तर मी का दिलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. हो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं झालं असतं. नाही म्हणणं म्हणजे चांदवडी गेली असती. मी तिसरं काहीतरी शोधून काढलं, ज्यात खोटंही नव्हतं आणि सत्यही नव्हतं.

अंकुशी रुपयांनंतर मी त्याला फोन केला. सगळं सांगितलं, चांदवडी परत देतो म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ती शिवराई त्यानंही पुढे अदलाबदलीत देऊन टाकली. त्यालाही छिद्रं दिसली होती. कुणाला दिली ते त्याला सांगायचं नव्हतं, आणि मला आग्रह करायचा अधिकार नव्हता. चांदवडी मी तरीही परत पाठवली. त्यानं काय फरक पडला? ती शिवराई आज कुणाच्या तरी अल्बममध्ये आहे, आणि तिच्याबरोबर माझं ते वाक्य गेलेलं आहे. त्या मुलानंही पुढच्याला तेच वाक्य सांगितलं असेल का? ‘बघ की, तुझ्या हातात आहे’?

मी खोट्या नाण्यांबद्दल इतका कडक का बोलतो, ते मला यानंतर थोडं उमगलं. माझ्या बोलण्यात नेहमी बनावट करणारे असायचे: कुठल्या गल्लीत ओततात, कुठल्या रसायनानं हिरवा गंज चढवतात, कसे गंडवतात. ते सगळे आहेतच. पण एक नकली शिवराई त्यांच्या हातातून एकदाच सुटते. पुढचा तिचा सगळा प्रवास माझ्यासारख्यांच्या हातातून होतो. ज्यांना शंका आलेली असते आणि ज्यांनी ती बोलून दाखवलेली नसते, त्यांच्या हातातून. पेशवाईत परवान्यानं चालणाऱ्या खासगी टांकसाळींतून हिणकस नाणी निघाल्याच्या तक्रारी होत, सरकार बंदोबस्त करी. टांकसाळ बंद करता येते. शंका आली असूनही गप्प बसणाऱ्यांचा बंदोबस्त कोण करणार?

नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं आहे. अशा ठिकाणी मी जातो तेव्हा माझी नजर वेगळी चालते, हे अलीकडे जाणवलं. काचेपलीकडचं नाणं मला मिळणार नसतं. विकत घ्यायचं नसतं, विकायचं नसतं, कुणाला दाखवून मोठं व्हायचं नसतं. मग अक्षराची जाडी दिसते, ठसा घसरलेला दिसतो, कडेची चीर कुठून कुठे गेली ते दिसतं. तीच नजर सौद्याच्या वेळी कुठे जाते? मला वाटतं, ज्ञान कमी पडत नाही. हाव आणि लाज या दोन्ही मधे उभ्या राहतात. घेताना हाव, घेतल्यावर लाज. हाव तपासू देत नाही आणि लाज तपासलेलं सांगू देत नाही.

म्हणून सध्या एक काम चालू केलं आहे. त्यानं काही सुधारेल की नाही, ठाऊक नाही. वहीत पूर्वी रकाने होते: नाणं, टांकसाळ, साल, वजन, किंमत. आता दोन वाढवले. कुणाकडून आणि काय सांगून घेतलं. आणि त्या वेळी मी काय सांगितलं नाही. दुसरा रकाना भरताना हात अडतो. बऱ्याच नाण्यांपुढे तो रिकामा राहतो, ते ठीक आहे. काहींपुढे एकच ओळ येते. नकली ठरलेली नाणी मी टाकलेली नाहीत. टाकलेलं नाणं कुणीतरी उचलतो आणि ते पुन्हा फिरायला लागतं. त्यांच्या पाकिटांवर शाईनं ‘नकली’ लिहून ती वेगळ्या डब्यात ठेवली आहेत. शिकायला येणाऱ्यांना आधी तो डबा दाखवतो. त्यातले अंकुशी रुपये हातात देतो आणि सराफाची खूण शोधायला सांगतो. कुठून आले, हेही सांगतो. पूर्ण सांगतो की नाही? रस्ता सांगतो, माती सांगतो. बेफिकीर चेहऱ्याबद्दल सुरुवातीला सांगत नव्हतो. आता सांगतो.

न तोललेला कप्पा या आठवड्यात उघडला. सगळी नाणी तोलली. काही खरी निघाली, म्हणजे इतकी वर्षं मी त्यांच्यावरही उगाच संशय धरला होता. काही ‘नकली’च्या डब्यात गेली. एकाबद्दल ठरत नाही. वजन बरोबर, कड मात्र घासलेली आहे. ते जाणत्या माणसाकडे पाठवणार आहे, आणि पाठवताना शंका पाकिटावर लिहूनच पाठवणार आहे.

1911 च्या रुपयापुढचा शेवटचा रकाना मात्र भरून झाला आहे. ‘दुर्मीळ असल्याचं सांगितलं नाही.’ त्या बाईंचा पत्ता माझ्याकडे आहे, गाव फार लांब नाही, त्या आता मुलाकडे राहतात असं कळलं. रुपया परत न्यावा, की आजच्या भावानं फरकाचे पैसे न्यावेत? पैसे नेले तर रुपया माझ्याकडे राहतो, आणि मला तेच सोयीचं आहे, हे मला दिसतं. रुपया नेला तर त्या म्हणतील, ठेवा हो तुमच्याकडेच, आम्ही काय करणार त्याचं. त्या तसं म्हणाव्यात म्हणून तर मी रुपया न्यायचा विचार करत नाही ना? दोन्ही नेईन, असं आत्ता वाटतं आहे. आणि त्या दिवशी मला काय दिसलं होतं ते आधी सांगेन, चहा यायच्या आत.